किरणांच्या परवान्याची गोष्ट

विहिरीला सुरुंग लावायचा तर परवाना लागतो. खता-औषधांचे दुकान टाकायचे तर परवाना लागतो. रेशनचे दुकान चालवायचे तरी परवाना लागतो, आणि त्या कागदासाठी तहसीलच्या किती चकरा होतात हे बचत गटाच्या बायांना सांगायला नको. पण दवाखान्यात छातीचा फोटो काढायला आपण ज्या मशीनपुढे उभ्या राहतो, त्या मशीनलाही परवाना लागतो, हे आपल्यातल्या थोड्याच जणींना ठाऊक असते. आज आम्ही त्या परवान्याची गोष्ट सांगणार आहोत. तो कुठून आला, त्याच्या अर्जात काय विचारतात आणि आपल्याला त्याचा काय उपयोग, एवढेच.

बारामती-इंदापुरात हे किरण आपल्याला कुठे भेटतात? हाड मोडले की हाडाच्या दवाखान्यात भेटतात. दाढ दुखली की दाताच्या डॉक्टरकडे भेटतात. डोक्याला मार लागला तर सीटी स्कॅनच्या मशीनमध्ये भेटतात. क्षयरोगाच्या तपासणीसाठी हातात धरायचे छोटे एक्स-रे मशीन आता गावापर्यंत येऊ लागले आहे. कर्करोगाच्या पेशंटला शेक द्यायला पुण्याला, बार्शीला नाहीतर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात नेतात, तो शेकही किरणांचाच. मोठ्या बॉयलरचे आणि पाइपलाइनचे वेल्डिंग आतून पक्के आहे का, हे बघायलाही किरण वापरतात. आणि आपल्या बागेतले डाळिंब अमेरिकेला जायचे असेल, तर त्यालाही किरण द्यावे लागतात. त्या डाळिंबाकडे आपण शेवटी येऊ.

या किरणांच्या दोन जाती आहेत, त्या आधी समजून घेऊ. पहिली जात मशीनची. एक्स-रे मशीन म्हणजे विजेचा दिवा. बटण दाबले की किरण निघतात, बंद केले की थांबतात. खोलीत काही उरत नाही, भिंतीला काही चिकटत नाही. दुसरी जात पदार्थाची. कोबाल्ट-६०, इरिडियम-१९२, सीझियम-१३७ अशी त्यांची नावे. हा निखारा समजा. पाणी ओतून तो विझत नाही, त्याला बटण नाही. तो फक्त झाकून ठेवता येतो, शिशाखाली, जाड काँक्रीटमागे किंवा खोल पाण्यात. कोबाल्ट-६० चा जोर निम्मा व्हायलाच सव्वापाच वर्षे लागतात. म्हणून या दुसऱ्या जातीचे नियम जास्त कडक आहेत.

सोनोग्राफी या दोन्हींत येत नाही. ती आवाजाच्या लहरींवर चालते. तिच्या मशीनची नोंदणी करावी लागते, पण ती पोटातल्या मुलींच्या जिवासाठी. तो कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि मग १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. दोन्ही कागद दवाखान्यातच असतात, म्हणून गोंधळ होतो.

आता गोष्ट सुरू करू. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञाला एक्स-रे सापडले. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपली बायको ॲना बर्था हिच्या हाताचा फोटो काढला. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसत होती. सगळ्या जगाला नवल वाटले. जत्रेत दाखवावी तशी लोक ती मशीन दाखवू लागले. परवाना कुणाला लागत नव्हता, कारण हे किरण इजा करतात हेच कुणाला माहीत नव्हते. अमेरिकेत एडिसन यांच्या हाताखाली क्लॅरेन्स डॅली नावाचे कारागीर होते. मशीन चालते का ते बघायला ते रोज स्वतःचा हात किरणांत धरत. हाताला जखमा झाल्या, त्या भरेनात. आधी हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये ते गेले. वय चाळिशीच्या आत होते.

त्यानंतरची गोष्ट बायकांची आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात ऑरेंज नावाचे गाव आहे. तिथे १९१७ पासून एका कारखान्यात घड्याळाच्या तबकड्या रंगवत. रंगात रेडियम मिसळलेले असे, त्यामुळे आकडे अंधारात चमकत. काम नाजूक, म्हणून तरुण मुली कामाला ठेवल्या. कुंचल्याचे टोक बारीक व्हावे म्हणून तो ओठांत धरून ओला करायचा, असे त्यांना शिकवले होते. एक आकडा काढला की कुंचला ओठांत, दुसरा काढला की पुन्हा ओठांत. दर वेळी थोडे रेडियम पोटात जाई. काही होत नाही, असे त्यांना सांगितले गेले. मुली हौसेने तोच रंग नखांना लावत. त्याच कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ मात्र रेडियम हाताळताना शिशाचा आडोसा घेत.

काही वर्षांनी मुलींचे दात पडू लागले, जबडे सडू लागले, हाडे मोडू लागली. ग्रेस फ्रायर नावाच्या कामगार मुलीने दावा लावायचे ठरवले. वकील मिळायलाच तिला दोन वर्षे लागली. १९२७ मध्ये पाच जणींनी मिळून खटला केला. १९२८ मध्ये तडजोड झाली, प्रत्येकीला दहा हजार डॉलर आणि वर्षाला काही रक्कम मिळाली. ग्रेस १९३३ मध्ये गेली. पण या तबकड्या रंगवणाऱ्या बायकांच्या शरीरात किती रेडियम साठले ते शास्त्रज्ञांनी मोजले होते. त्यावरून १९४१ मध्ये अमेरिकेत माणसाच्या अंगात रेडियम जास्तीत जास्त किती चालेल, याची मर्यादा ठरली. आज किरणांजवळ काम करणाऱ्याच्या अंगावर बॅज असतो, त्याची मोजणी होते आणि मर्यादा पाळावी लागते. त्याची सुरुवात अशा गोष्टींतून झाली.

दुसरी गोष्ट इंग्लंडची आहे, पण तिचा एक धागा मुंबईला जोडलेला आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने १९३१ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाने दोराबजींनी या आजाराच्या संशोधनासाठी निधी ठेवला. पंचवीसेक वर्षांनी ऑक्सफर्डच्या डॉक्टर ॲलिस स्टुअर्ट यांना प्रश्न पडला, की लहान मुलांना कर्करोग का होतो आहे? त्यांना त्या टाटा निधीतून हजार पौंड मिळाले. एवढ्या थोड्या पैशांत काय करायचे? त्यांनी ठरवले, आयांना विचारायचे. मूल गेलेल्या आया आणि मूल धडधाकट असलेल्या आया, दोघींना तेच प्रश्न विचारायचे. आई काय काय लक्षात ठेवते, ते डॉक्टरांच्या वहीत नसते, असा त्यांचा भरवसा होता.

१९५६ मध्ये उत्तर मिळाले. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या आयांची संख्या, मूल गेलेल्या गटात जवळजवळ दुप्पट होती. त्या काळी मूल पोटात कसे आहे ते बघायला एक्स-रे काढण्याची पद्धत होती. बऱ्याच डॉक्टरांनी हे मानले नाही. मानायला वीसेक वर्षे गेली. पण हळूहळू गरोदर बाईचा एक्स-रे काढणे कमी झाले. आज एक्स-रेच्या खोलीबाहेर पाटी असते, ‘गरोदर असाल तर आधी सांगा’. ती पाटी त्या आयांच्या आठवणींवर उभी आहे.

आता आपल्या देशात येऊ. अणुऊर्जेचा पहिला कायदा १९४८ मध्ये झाला, नवा १९६२ मध्ये आला. त्या कायद्याखाली १९७१ मध्ये किरणांपासून संरक्षणाचे नियम झाले. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. २००४ मध्ये जुन्या नियमांच्या जागी नवे नियम आले. ज्याच्याकडे किरणांचे मशीन किंवा पदार्थ आहे, त्याने या मंडळाकडे अर्ज करायचा. मग ते मोठे हॉस्पिटल असो, नाहीतर एका खोलीतला दाताचा दवाखाना.

अर्जात काय विचारतात? ते आपल्या भाषेत सांगतो.

पहिला प्रश्न, जबाबदार कोण? मालकाने स्वतःच्या नावाने संस्थेची नोंद करायची. अर्ज आता संगणकावरून होतो, त्या व्यवस्थेला ई-लोरा म्हणतात. शिवाय एक किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याला मंडळाची मान्यता लागते.

दुसरा प्रश्न, मशीन कुठले? मंडळाने तपासून मान्य केलेले मॉडेलच घ्यायचे. बसवल्यावर आणि पुढेही ठरावीक मुदतीने त्याची चाचणी करून घ्यायची.

तिसरा प्रश्न, खोली कशी? भिंत नऊ इंची विटांची किंवा तेवढीच किरण अडवणारी हवी. दाराला आतून शिशाचा पत्रा हवा. बाहेर चिन्ह, पाटी आणि लाल दिवा हवा. बाजूच्या खोलीत कोण बसते, हेही नकाशात दाखवावे लागते.

चौथा प्रश्न, काम कोण करणार? शिकलेलाच माणूस हवा. वय अठरा पूर्ण हवे. प्रत्येकाच्या अंगावर टीएलडी बॅज हवा. हा बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो आणि अंगावर किती किरण पडले ते कळते. किरण मिलीसिव्हर्ट या मापात मोजतात. कामगाराला पाच वर्षांत मिळून १०० मिलीसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० यापेक्षा जास्त नको. बाहेरच्या सामान्य माणसाला या कामामुळे वर्षाला १ पेक्षा जास्त नको. कामावरची बाई गरोदर राहिली आणि तिने तसे कळवले, तर पोटातल्या बाळालाही उरलेल्या दिवसांत १ पेक्षा जास्त मिळता कामा नये.

पाचवा प्रश्न, काम संपल्यावर या वस्तूचे काय करणार? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण यानेच सर्वांत जास्त घात केला आहे.

ब्राझील देशात गोयानिया नावाचे शहर आहे. तिथला एक दवाखाना दुसरीकडे गेला आणि शेक द्यायचे जुने मशीन मागे तसेच राहिले. १९८७ मध्ये दोघा जणांनी ते उचकटून भंगारात विकले. आत सीझियमची पूड होती, अंधारात निळी चमकणारी. भंगारवाल्याने कौतुकाने ती घरी आणली, नात्यागोत्यात वाटली. घरातले एकेक आजारी पडू लागले. डॉक्टरांना उमगेना. पण भंगारवाल्याच्या बायकोने ताळा जुळवला, की ही चमकती वस्तू घरात आल्यापासून सगळे आजारी पडताहेत. ती वस्तू पिशवीत घालून, एका कामगाराला सोबत घेऊन ती बसने आरोग्य कार्यालयात गेली आणि म्हणाली, हे आमच्या माणसांना मारते आहे. तिच्यामुळे सरकार जागे झाले. सुमारे अडीचशे जणांना ती पूड लागली होती. चौघे दगावले. त्यांत ती स्वतः होती आणि तिच्या दिराची सहा वर्षांची मुलगी होती.

असेच आपल्याकडे २०१० मध्ये झाले. दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९८५ पासून न वापरलेले एक जुने उपकरण पडून होते. त्यात कोबाल्ट-६० होते. लिलावात ते भंगार म्हणून गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले. एक जण मेला, आणखी काही जण दवाखान्यात पडले. परवाना द्यायचा तर ‘शेवटी ही वस्तू कुठे जाणार’ हे का विचारायचे, ते या दोन गोष्टींतून कळते. आपल्या भागातही भंगार वेचणाऱ्या, घेणाऱ्या बाया आहेत. पिवळ्या रंगावर काळी तीन पाती आणि मध्ये ठिपका, असे चिन्ह एखाद्या डब्यावर, पाइपावर, जड पेटीवर दिसले, तर ती वस्तू उचलायची नाही, फोडायची नाही, घरी न्यायची नाही. लांब जाऊन पोलीस पाटलांना, पोलिसांना कळवायचे.

आता कुणी म्हणेल, नियम झाले, मंडळ झाले, मग काळजी मिटली. मिटली नव्हती. २०१२ मध्ये कॅगने, म्हणजे सरकारचा हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने, एक अहवाल दिला. देशात एक्स-रेची ५७,४४३ ठिकाणे होती आणि त्यांतली फक्त ५,२७० मंडळाकडे नोंदलेली होती. म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव ठिकाणे नोंदीशिवाय चालली होती. प्रत्येक राज्याने यासाठी वेगळे संचालनालय काढावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितले होते. अहवालाच्या वेळेपर्यंत ते फक्त केरळ आणि मिझोरम या दोन राज्यांनी केले होते. त्यानंतर संगणकावरची अर्जाची सोय आली, नोंदी खूप वाढल्या. पण तो आकडा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कायदा कागदावर पन्नास वर्षे होता, आणि दारात जाऊन विचारणारे कुणी नव्हते.

आता आपल्या डाळिंबाकडे येऊ, कारण परवाना नीट पाळला तर काय होते तेही कळायला हवे. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने कृषक नावाचे केंद्र सुरू केले. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्याला ६० ते ९० ग्रे एवढे किरण देतात. ग्रे हे पदार्थात किती किरण मुरले त्याचे माप. पुढे आंब्याची वेळ आली. आंब्यातल्या किडींच्या भीतीने अमेरिकेने आपला आंबा बरीच वर्षे बंद ठेवला होता. लासलगावच्या केंद्राची अमेरिकेच्या कृषी खात्याने तपासणी केली, मान्यता दिली आणि २००७ मध्ये आंबा गेला. त्याला कमीत कमी ४०० ग्रे लागतात. मग नवी मुंबईत वाशीला राज्याच्या कृषी पणन मंडळाचे केंद्र झाले. २०२३ मध्ये महाराष्ट्राचे भगवा डाळिंब तिथे किरण देऊन विमानाने अमेरिकेला चाचणी म्हणून पाठवले. इंदापूरच्या माळरानावर ठिबकच्या नळ्या उचलणाऱ्या, डाळिंबाची तोडणी करणाऱ्या बाईच्या हाताला त्यामुळे नवी बाजारपेठ दिसते.

बायका विचारतात, किरण दिलेले फळ खाल्ले तर आपल्यात किरण शिरतात का? नाही. ऊन लागलेली कुरडई घरात ठेवली तर घरात ऊन येत नाही, तसेच हे आहे. किरण फळातून जातात, किडीला निकामी करतात आणि संपतात. फळ कोबाल्टला शिवतही नाही, मध्ये धातूची बंद नळी असते. असे अन्न पाकिटात असेल तर त्यावर तसे छापणे बंधनकारक आहे. पण हे सगळे जिथे चालते तिथे काँक्रीटच्या भिंती हातभर नव्हे, पुरुषभर जाड असतात. माणूस आत असताना कोबाल्ट वर येऊच नये अशी कुलपे असतात, आणि प्रत्येक कुलपाची नोंद परवान्यात असते. त्याच कोबाल्टने मायापुरीत माणूस मेला आणि वाशीत आंबा टिकला. मध्ये फरक आहे तो विचारलेल्या प्रश्नांचा आणि पाळलेल्या उत्तरांचा.

म्हणून मैत्रिणींनो, आपणही विचारूया. एक्स-रेला घाबरून तो टाळायचा नाही. छातीच्या एका फोटोत मिळणारे किरण, निसर्गात आपल्याला मिळणाऱ्या थोड्या दिवसांच्या किरणांएवढेच असतात. सीटी स्कॅनमध्ये त्याहून पुष्कळ जास्त असतात, म्हणून तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हौसेने करायचा नाही. पाळी चुकली असेल, शंका असेल, तर मशीनपुढे उभे राहण्याआधी सांगायचे. लाजायचे नाही. लेकराला धरून उभे राहायची वेळ आली, तर शिशाचा एप्रन मागायचा, आणि गरोदर बाईने धरायचे नाही. बाकीच्यांनी खोलीबाहेर थांबायचे, दार लावून घ्यायला सांगायचे. जुने फोटो जपून ठेवायचे, म्हणजे तोच फोटो पुन्हा काढावा लागत नाही.

आणि एक गोष्ट आपल्या मुलींसाठी. बारामतीत, इंदापुरात, भिगवणला कितीतरी मुली दवाखान्यांत कामाला जातात. कुणी टेक्निशियन म्हणून, कुणी नुसती मदतनीस म्हणून. तुमची मुलगी एक्स-रेच्या खोलीत काम करत असेल, तर संध्याकाळी ती घरी आल्यावर तिला विचारा, तुला बॅज दिला आहे का? त्याचा तीन महिन्यांचा आकडा तुला दाखवतात का? रोज पेशंटला धरायला तुलाच उभी करतात का? ऑरेंज गावातल्या मुलींना हे प्रश्न विचारणारे कुणी नव्हते. आपल्या मुलींना आपण आहोत. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की पाच मिनिटे या प्रश्नांसाठी ठेवा, आणि दवाखान्यात गेलात की सरळ विचारा, या मशीनचा परवाना आहे का? ज्यांच्याकडे आहे, ते आनंदाने दाखवतील.